आजी मार्टेनची मान मोडते तेव्हा

गोष्टीत अजून माणसांची वस्ती झालेली नाही. विजेचा पहिला लोळ पडला तेव्हा जमिनीवर ग्लूस्कापचा आकार उमटला. दुसऱ्या लोळाने त्याला बोटं आणि डोळे, कान, तोंड दिलं. तिसऱ्याने तो मातीतून सुटला आणि उठून उभा राहिला. फिरता फिरता त्याला एक आजी भेटली. पहाटेचं दव पडलेल्या खडकातून ती जन्मली होती आणि सूर्याच्या उबेने तिच्यात प्राण आला होता. जगायचं कसं हे ती त्याला शिकवणार होती. पण दगडातून आली म्हणून काय झालं, म्हातारीला भूक लागायचीच, आणि झाडपाला, बोरं एवढ्यावर तिचं भागण्यासारखं नव्हतं.

मग ग्लूस्काप नदीत पोहणाऱ्या मार्टेनला हाक मारतो. मार्टेन म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा, दाट तपकिरी केसांचा छोटा शिकारी प्राणी. हा त्याचा मित्र. ग्लूस्काप त्याला सरळ विचारतो की माझी आजी जगावी म्हणून तू तुझा जीव देशील का? मार्टेन हो म्हणतो. आजी त्याची मान मोडते आणि त्याला जमिनीवर ठेवते. ते पाहून ग्लूस्काप कळवळतो आणि आयुष्यात पहिल्यांदा निर्मात्याकडे काही मागतो: माझ्या मित्राचा जीव परत दे. मार्टेन उठतो, नदीकडे निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा मार्टेन मेलेला पडलेला असतो. आजी तो साफ करते. ग्लूस्कापला जन्म देणाऱ्या विजेच्या ठिणग्या अजून गरम असतात. त्या गोळा करून, त्यांवर वाळकी लाकडं रचून ती विस्तव करते. जगातलं पहिलं जेवण त्या विस्तवावर शिजतं. पुढे याच विस्तवातून उडालेल्या ठिणग्यांपासून सात पुरुष आणि सात स्त्रिया होतात, त्यांची सात घराणी होतात.

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर राहणाऱ्या मिगमाक लोकांची ही उत्पत्तिकथा. इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख बहुधा मिकमॅक असा सापडतो. नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट, न्यू ब्रन्सविकचा मोठा भाग, क्वेबेकमधला गास्पे द्वीपकल्प आणि न्यूफाउंडलंड एवढा त्यांचा मुलूख. कथेचं हे रूप जगापुढे आलं ते स्टीफन ऑगस्टीन यांच्या सांगण्यातून. ते मिगमाक महापरिषदेचे वंशपरंपरागत प्रमुख. त्यांनी ही कथा वाड्यावस्त्यांपासून विद्यापीठांपर्यंत सांगितली आणि ती आपल्याला आजीकडून मिळाली, हे ते आवर्जून नोंदवतात.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना ही कथा सांगायला बसलेल्याची पंचाईत मान मोडण्याच्या जागी होते. तिथे कोणीतरी विचारणारच: तो मित्र होता ना? मग मारलं कशाला?

सुटका करून घेण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. मान मोडण्याचं वाक्य गाळायचं, मार्टेनने 'अन्न आणून दिलं' असं करायचं, किंवा घाईघाईने तात्पर्य सांगून मोकळं व्हायचं. इसापनीतीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तात्पर्याची सवय इतकी जडलेली आहे की ते नसलं तर गोष्ट अर्धवट राहिल्यासारखी वाटते. पण गाळलेल्या वाक्यासोबत या कथेतला धर्मच गळून पडतो. कारण तिचं सगळं बळ घटनांच्या क्रमात आहे: आधी विचारणं, मग मारणं, मग जीव परत मागणं. आणि परत मागूनही कोणीतरी मेलेलं राहतंच. जेवण फुकट होत नाही. देवाने रदबदली केली तरी जमिनीवर एक मार्टेन पडलेला असतोच.

भारतीय वाचक इथे दोन ओळखीच्या चौकटी शोधेल. एक अहिंसेची, दुसरी बळीची. कथा दोन्हींत बसत नाही. अहिंसेचा आग्रह धरला तर आजी उपाशी मरेल. बळी म्हणावं तर बळी देवाला द्यायचा असतो, आणि इथे देव काहीच घेत नाही, उलट त्याच्याकडेच परतफेडीची याचना होते. ज्याला मारायचं त्यालाच आधी विचारलं जातं. ख्रिस्ती उत्पत्तिकथेत पहिल्या खाण्यातून पाप जन्मतं. इथे पहिल्या खाण्यातून नातं जन्मतं, कारण त्या दिवसापासून ग्लूस्काप सगळ्या प्राण्यांना भाऊ-बहीण म्हणू लागतो. ज्यांना आपण खातो तेच आपले आप्त, ही गोष्ट मोठ्यांच्या गळी उतरणं कठीण. मुलांचं तसं नसतं. परसातल्या कोंबडीला नाव ठेवणारं आणि रविवारी तिचा रस्सा खाणारं मूल हा पेच आधीच जगत असतं. त्याला फक्त तो पेच कोणी मोकळेपणाने मांडलेला हवा असतो.

या कथा कागदावर आल्या त्या विचित्र हातांनी. सायलस रँड हा 1810 साली नोव्हा स्कोशियात जन्मलेला बाप्टिस्ट धर्मप्रचारक. मिगमाकांना आपल्या पंथात आणायचं म्हणून तो त्यांची भाषा शिकला, बायबलचे भाग त्यांच्या भाषेत उतरवले. मिगमाक तोवर कॅथलिक झालेले होते आणि रँडच्या पंथात फारसं कोणी गेलं नाही. पण चाळीसेक वर्षांच्या त्या खटपटीत त्याने त्यांच्या झोपड्यांत बसून कथा ऐकल्या आणि लिहून घेतल्या. त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, 1894 मध्ये, त्यातल्या 87 कथांचं पुस्तक निघालं. आज मिगमाक शिक्षकसुद्धा जुनं रूप तपासायला त्याच पुस्तकाकडे जातात. ज्या श्रद्धा मोडायला तो गेला, त्याच त्याच्या वहीत टिकल्या.

रँडच्या एका कथेत काही माणसं ग्लूस्कापकडे वर मागायला जातात. त्यातल्या एकाला खूप वर्षं जगायचं असतं. ग्लूस्काप त्याला उचलतो आणि पाय जमिनीला टेकवताच त्याचा गाठाळ देवदार होतो. जगशील हवा तेवढा! हावरटपणा वाईट वगैरे कोणी म्हणत नाही. मुलं हसतात, आणि नंतर त्यांच्या डोक्यात त्या झाडाचा विचार चालू राहतो.

मिगमाक मुलं आणि धर्म यांची एक नोंद याहून जुनी आहे. क्रेत्यँ ल क्लेर्क हा फ्रेंच पाद्री 1675 मध्ये गास्पेला आला. दोनेक वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की काही मुलं प्रार्थना ऐकता ऐकता बर्च झाडाच्या सालीवर कोळशाने खुणा करतात. एका खुणेला एक शब्द. पुढच्या वेळी त्या खुणांवर बोट ठेवत ती प्रार्थना बिनचूक म्हणत. ल क्लेर्कने ती युक्ती उचलली आणि तिच्यावरून चिन्हांची पद्धत बसवली. अठराव्या शतकात प्येर मायार या पाद्र्याने ती वाढवली, आणि 1866 मध्ये व्हिएन्नात या चिन्हलिपीतलं प्रार्थनापुस्तक छापून निघालं. चिन्हांचा किती भाग जुना आणि किती पाद्र्यांचा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. सालीवरचा कोळसा मात्र मुलांच्या हातातला होता. नवा धर्म बाहेरून आला खरा, पण तो लक्षात ठेवायची रीत पोरांनी आपली वापरली.

म्हणून मिगमाक घरात 'आपला धर्म कोणता' या प्रश्नाला एकेरी उत्तर मिळत नाही. त्यांचा सरदार मेंबर्टू याने 24 जून 1610 रोजी पोर्ट रॉयल इथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून चारशे वर्षं कॅथलिक पंथ त्यांच्यात मुरला आहे. केप ब्रेटनमधल्या ब्रादोर सरोवरात एक छोटं बेट आहे, पोटलोटेक वस्तीजवळचं. तिथे दरवर्षी जुलैअखेरीस संत ॲनच्या सणाला कुटुंबंच्या कुटुंबं येऊन राहतात, महापरिषदेची बैठक भरते, मूर्तीची मिरवणूक निघते. संत ॲन म्हणजे येशूची आजी. खडकातून जन्मलेल्या आजीच्या कथेवर वाढलेल्या समाजाने सगळ्या संतांमधून नेमकी आजी निवडावी, हा निव्वळ योगायोग मानायला मन तयार होत नाही. बेटावर आलेल्या मुलाला दोन आज्यांपैकी खरी कोणती असा प्रश्न पडत नाही. तो पडतो बाहेरच्या पाहुण्यांना.

पण हा इतिहास एवढ्यावर सोडला तर तो फार गोड होतो. 1930 ते 1967 या काळात नोव्हा स्कोशियात शुबेनॅकडी इथे निवासी शाळा चालली. पैसा सरकारचा, कारभार कॅथलिक चर्चचा. हजाराहून अधिक मुलं घरापासून तोडून तिथे ठेवली गेली. आपली भाषा बोलल्याबद्दल मार बसे. इझाबेल नॉकवुड या तिथेच शिकल्या. त्यांनी स्वतःच्या आणि सोबतच्या मुलांच्या आठवणी गोळा करून 1992 मध्ये पुस्तक काढलं. ते वाचताना कळतं की त्या इमारतीत नुसते शब्द बंद पडले नाहीत, गोष्ट सांगणारी आजी आणि ऐकणारं नातवंड यांच्यामधली वाटच बंद पडली. मुलं सुटीत घरी आली, की आजीचं बोलणं त्यांना कळेना. कवयित्री रीटा जो याच शाळेतल्या. हिरावलेल्या बोलीवरची त्यांची कविता आज कॅनडाभर शाळांत शिकवली जाते, 2019 मध्ये तिचं मुलांसाठी चित्रमय पुस्तकही झालं. मिगमाक मुलांना 'त्यांच्या संस्कृतीची ओळख करून देण्याची' गरज का पडली, याचं उत्तर शुबेनॅकडीत आहे. ओळख आपोआप विसरली गेली नव्हती. ती खर्च करून, कर्मचारी नेमून, वेळापत्रक लावून पुसली होती.

उलटा प्रवास गेल्या तीस वर्षांतला. 1997 च्या करारानंतर नोव्हा स्कोशियातल्या मिगमाक वस्त्यांनी शाळा आपल्या ताब्यात घेतल्या. एस्कसोनी ही त्यांची सर्वांत मोठी वस्ती, चार हजारांहून अधिक लोकसंख्येची. तिथे लहान मुलांचे वर्ग संपूर्ण मिगमाक भाषेतून चालतात. 2019 मध्ये याच वस्तीतल्या एका शाळकरी मुलीने बीटल्सचं 'ब्लॅकबर्ड' मिगमाक भाषेत गायलं आणि ते जगभर ऐकलं गेलं, खुद्द पॉल मॅकार्टनीने तिचं कौतुक केलं. 2022 मध्ये प्रांताने कायदा करून मिगमाक ही नोव्हा स्कोशियाची आद्य भाषा असल्याचं मान्य केलं. बोलणारे मात्र आठ-नऊ हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांत म्हातारी माणसं बरीच.

आणखी एका कराराचा धागा बाकीच्या मुलांपर्यंत जातो. 1 ऑक्टोबर 2015 रोजी मिगमाक प्रतिनिधी आणि प्रांत सरकार यांनी सह्या केल्या, की अठराव्या शतकातले तह आणि मिगमाकांचा वारसा प्रांतातल्या सगळ्याच शाळांत शिकवायचा. म्हणजे हॅलिफॅक्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातली पोरंही ग्लूस्काप ऐकून घरी येतात. इथे एक नवा आणि नाजूक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या पवित्र कथा आपल्या मुलांनी कशा ऐकायच्या? पिसांचा मुकुट कातरून, डोक्याला बांधून, फोटो काढून? ट्रूरोजवळच्या मिलब्रूक वस्तीत हमरस्त्यालगत बारा मीटर उंचीचा ग्लूस्कापचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी उभं राहून सहलीचे फोटो निघतात. त्यात वाईट काही नाही. पुतळा मिगमाकांनीच उभारलाय, शेजारी त्यांचंच वारसा केंद्र आहे. पण ग्लूस्काप म्हणजे एक राक्षसी ताकदीचा सुपरहीरो, एवढीच समजूत घेऊन मूल गाडीत बसलं तर सहल वाया गेली म्हणायची.

कारण ग्लूस्काप पुतळ्यापेक्षा भूगोलात जास्त भेटतो. फंडीच्या उपसागरात जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटी होतात. मायनस खोऱ्यात पाणी 16 मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मिगमाक सांगतात की इथे एका प्रचंड बीव्हरने बांध घातला होता आणि पाणी तुंबून ग्लूस्कापची वनौषधींची बाग बुडाली. त्याने बांध फोडला, बीव्हरला ढेकळं फेकून मारली. ती ढेकळं म्हणजे समोर दिसणारी पाच बेटं, आणि त्याचं घर पलीकडचा ब्लॉमिडनचा कडा. ओहोटीला उघड्या पडलेल्या तांबड्या चिखलात उभं राहून ऐकलेली ही कथा आणि वर्गात पडद्यावर पाहिलेली कथा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हिमयुगात उत्तर अमेरिकेत खरोखरच अस्वलाएवढे बीव्हर होते, त्यांचे जीवाश्म सापडतात. हौशी मार्गदर्शक लगेच म्हणतात, पाहा, कथा खरी निघाली! हा उत्साह जरा आवरावा. जीवाश्म सापडले नसते तर कथा खोटी ठरली असती का? श्रद्धेला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र जोडायची घाई आपल्याकडेही कमी नाही, आणि प्रमाणपत्र मिळालं की कथेतलं जे मोजता येत नाही त्याकडे कोणी बघत नाही.

मोजता न येणाऱ्याची किंमत केप ब्रेटनमधल्या केलीज माउंटनवर कळली. या डोंगराच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड केलेली एक गुहा आहे. ग्लूस्काप तिथे राहिला, पश्चिमेला निघून गेला आणि परत येईल, अशी श्रद्धा. 1989 मध्ये या डोंगरावर ग्रॅनाइटची अवाढव्य खाण काढायचा प्रस्ताव आला. रोजगाराची आश्वासनं होती. मिगमाकांनी डोंगर पवित्र असल्याचं सांगून विरोध केला. मग नेहमीचा प्रश्न: तिथे देऊळ नाही, चर्च नाही, कुंपण नाही, मग पवित्र कशावरून? त्यांच्याकडे दाखवायला होती ती एक गोष्ट, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितलेली. खाण अखेर झाली नाही आणि डोंगराचा मोठा भाग आता ग्लूस्कापच्याच नावाने राखीव रान आहे. बालवर्गात सांगितलेली कथा ही करमणूक की दस्तऐवज, या प्रश्नाला त्या डोंगराने दिलेलं उत्तर खाणवाल्यांनाही समजलं.

आकाशातली कथा सांगायला तर चिखलात जायचीही गरज नाही. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यातल्या चौकोनाच्या चार ताऱ्यांत मिगमाकांना अस्वल दिसतं. शेपटीचे तीन तारे आणि त्यामागे भूतपाच्या परिसरातले चार, मिळून सात पक्षी त्याची शिकार करतात: रॉबिन, चिकाडी, करडा जे, पारवा, निळा जे आणि दोन घुबडं. आपल्याकडे लग्नात वधूवरांना जी वसिष्ठ-अरुंधतीची जोडी दाखवतात, त्यातला वसिष्ठ म्हणजे चिमुकला चिकाडी पक्षी आणि अरुंधती म्हणजे त्याने बरोबर घेतलेलं पातेलं. अस्वल शिजवायचं आहे ना!

वसंतात अस्वल गुहेतून बाहेर येतं. ती गुहा म्हणजे उत्तर मुकुटाचा अर्धगोल. उन्हाळाभर पाठलाग चालतो. शरद ऋतू येतो तसे घुबडं, निळा जे, पारवा एकेक करून वाट चुकतात. ते तारे खरोखरच क्षितिजाखाली जातात. पुढचे तिघे मात्र मागे हटत नाहीत, कारण 45 अंश अक्षांशावर ते तारे कधी मावळतच नाहीत. अखेर रॉबिनचा बाण लागतो, अस्वलाचं रक्त त्याच्या छातीवर उडतं, तो ते मेपलवर झटकतो, आणि म्हणून रॉबिनची छाती तांबडी आणि शरदात मेपलचं पान लाल. चिकाडी येतो, मांस शिजतं, करडा जे अगदी वाटपाच्या वेळेला उगवतो आणि तरी त्याला वाटा मिळतो. हिवाळाभर अस्वलाचा सांगाडा आकाशात उताणा दिसतो. त्याचा प्राण गुहेत झोपलेल्या दुसऱ्या अस्वलात गेलेला असतो आणि वसंतात तो पुन्हा बाहेर पडतो. महाराष्ट्रातून हे सगळं दाखवता येत नाही. आपल्याकडे सप्तर्षी मावळतात, दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात. पुण्याच्या गच्चीवरून एप्रिल-मे मध्ये पाठलाग दाखवावा, शिकारीचा भाग मात्र सांगण्यावर भागवावं.

ही कथा स्टॅन्सबरी हॅगर याने 1900 मध्ये लिहून काढली होती. 2010 मध्ये लिलियन आणि मर्डेना मार्शल या मिगमाक ज्येष्ठांनी दोन सहकारी अभ्यासकांसह ती मुलांच्या चित्रमय पुस्तकात आणली. मर्डेना यांचे पती अल्बर्ट मार्शल यांनी 2004 मध्ये एक विचार मांडला होता: एका डोळ्याने पूर्वजांचं ज्ञान बघावं, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञान, आणि दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवावेत. अस्वलाच्या कथेला तो नेमका लागू पडतो. ताऱ्यांचं उगवणं-मावळणं अचूक आहे आणि मारलेल्या प्राण्याचा जीव वाया जात नाही हा विश्वासही तिथेच आहे. एकातून दुसरं सिद्ध होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

दोन्ही डोळे लागतात ते पारव्यापाशी. शिकाऱ्यांतला हा पारवा म्हणजे पॅसेंजर पिजन, एके काळी उत्तर अमेरिकेत 3 ते 5 अब्ज असलेला. एकोणिसाव्या शतकात थवा कुठे उतरला हे तारायंत्राने कळायचं, बंदुकवाले आगगाडीने तिथे पोचायचे आणि पिंपं भरभरून मांस शहरांच्या बाजारात जायचं. शेवटचा पक्षी, मार्था नावाची मादी, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पुस्तक वाचणारं मूल विचारतं की हा पारवा कुठे बघायला मिळेल? अस्वल परत येतं, मार्टेन परत येतो, मग हा का आला नाही? कथेत याची तजवीज नाही. शिक्षकाला तिथे कथा बाजूला ठेवून आगगाडी, तारायंत्र आणि मांसाचा भाव समजावून सांगावा लागतो, आणि हेही सांगावं लागतं की त्या थव्यांना कोणी विचारलं नव्हतं.